तहानेपूर्वींची विहीर

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपल्याकडे लहान मुलेंही जाणतात. राष्ट्रांना तें उमगावयास मात्र फार मोठें मोल द्यावें लागलें.

डिसेंबर २०१३ मध्यें पश्चिम आफ्रिकेंतील गिनी देशांत मेलियांडू या खेड्यांत एक बालक दगावलें. रोग इबोला आहे, हें कळावयास मार्च २०१४ उजाडला. आणि जागतिक आरोग्य संघटनेनें आंतरराष्ट्रीय आणीबाणी पुकारली ती ८ ऑगस्टला! तोंवर लायबेरिया व सिएरा लिओन हे शेजारी देशही होरपळूं लागले होते. अखेरीस ११,००० हून अधिक माणसें मेलीं. त्यांत शेंकडों आरोग्यसेवक होते. सांथ ज्यांनीं अडवावयाची, तेच आधीं पडले.

पुढें तांतडीच्या खर्चासाठीं संघटनेनें वेगळा निधि राखून ठेविला. ८ मे २०१८ रोजीं कांगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागांत इबोलाची वर्दी आली. २१ मेला लस टोचणें सुरूही झालें. रोग्याच्या सहवासांतले लोक, मग त्यांच्या सहवासांतले, असें कडें करून लस देत. ती उणे ६० अंशांखालीं ठेवावी लागे, आणि अरण्यांत वीज कोठली? तरी २४ जुलैला ती सांथ संपली, मृत्यु ३३.

आठच दिवसांनीं त्याच देशाच्या पूर्वेस इबोला प्रकटला. लस तीच, पैसाही होता. पण तेथें सशस्त्र टोळ्यांचें थैमान होतें, आणि परक्या पथकांवर गांवकऱ्यांचा विश्वास नव्हता. उपचारकेंद्रांवर हल्ले झाले. ती सांथ जून २०२० मध्यें संपली, तेव्हां २,२०० हून अधिक माणसें गेलीं होतीं.