सायकल, चिखल आणि अस्वलं

कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत सुमारे 4,400 किलोमीटर, आणि त्यातली बहुतेक वाट कच्ची. ‘टूर डिव्हाइड’ ही सायकल शर्यत दर जूनमध्ये बॅन्फहून सुटते. मागे मदतीची गाडी नाही, पोचल्यावर बक्षीसही नाही. सायकलपटू माइक हॉल यांनी 2016मध्ये हे अंतर 14 दिवसांच्या आत कापलं.

अशा वाटेवर कॅरियरचे बोल्ट हादऱ्यांनी सैल होतात. म्हणून सामान थेट सायकललाच बांधतात: फ्रेमच्या त्रिकोणात जड अवजारं आणि पाणी, सीटखाली कपडे, हँडलवर हलकी स्लीपिंग बॅग. टायर सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद आणि ट्यूबलेस. काटा घुसला, तर आतलं पातळ सीलंट सुकून छोटं भोक बुजवतं. मोठ्या छिद्राला रबरी प्लग.

पुढच्या चाकातला डायनमो दिवा आणि मोबाइल जगवतो. मात्र चढावर वेग मंदावला की चार्जिंग बंद! हँडलवरचे लांब एरोबार इथे वेगापेक्षा विश्रांतीसाठी जास्त उपयोगी. कोपरं टेकली की तळहातांवरचा भार उतरतो, नाहीतर करंगळी कित्येक दिवस बधिर राहते.

दक्षिणेकडे, न्यू मेक्सिको राज्यात पाऊस पडला, की चिकणमाती चाक आणि फोर्क यांच्यामध्ये अशी ठासून बसते की चाक फिरतच नाही. मग काडीने ती खरवडायची, नाहीतर सायकल खांद्यावर. उत्तरेकडे अस्वलांचा मुलूख. तिथे मिरचीचा फवारा बॅगेच्या तळाशी ठेवून चालत नाही. तो हाताशीच हवा.