परतीच्या गाडीतलं इंजिन



शाळा सुटल्यावर माझ्या पुढच्या शिक्षणासाठी बाबांनी पाण्याचं किर्लोस्कर इंजिन विकलं होतं. गेल्या वर्षी ते कोल्हापूरकडे एका शेतात सापडलं. मिळालं भंगाराच्या भावात. पण स्वतंत्र टेम्पोचं भाडं त्याहून जास्त! मग कोल्हापुरात हापूस उतरवून रत्नागिरीला रिकामी परतणारी गाडी गाठली. डिझेल, पाणी काढलं, फ्लायव्हील बांधलं, खाली लाकडी ठोकळे देऊन इंजिन दोरांनी आवळलं. निम्म्या भाड्यात आंबा घाट उतरलो.

हँडल मारलं, इंजिन धडधडलं. बाबा ओटीवरून उठून आले आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले.

कुणाचं जुनं यंत्र परगावी पडलं असेल, तर आंब्याच्या हंगामात परतीची गाडी विचारा.