जॉर्ज टाउन : किल्ला आणि देऊळ



चेन्नईस जाणारा मराठी प्रवासी मरीनाचा किनारा पाहतो, मैलापूरच्या कपालीश्वराचे दर्शन घेतो आणि महाबलीपुरमच्या वाटेला लागतो. परंतु ही राजधानी जेथे जन्मास आली, तो सेंट जॉर्ज किल्ला आणि त्याला लागून असलेले जॉर्ज टाउन पाहण्यास त्याला बहुधा सवड होत नाही. तेथील तीन स्थळांकडे आज मी आपणांस नेणार आहे. पायी हिंडले तरी एका सकाळीत ती पाहून होतात.

पहिले स्थळ अर्थातच किल्ला. १६३९ च्या ऑगस्टमध्ये दामर्ल वेंकटाद्री नायकाने ईस्ट इंडिया कंपनीला समुद्रकाठची वाळूची एक पट्टी दिली, आणि पुढच्या वर्षी तेथे किल्ला उभा राहू लागला. आज तमिळनाडूची विधानसभा व सचिवालय याच तटांच्या आत आहेत. आतील सेंट मेरीचे चर्च १६८० चे. तोफगोळ्यांना दाद देऊ नये म्हणून त्याचे छत मुद्दाम जाड बांधलेले आहे. व्यापाऱ्यांच्या मनात भय किती होते, हे ते छतच सांगते.

किल्ल्याच्या उत्तरेस विणकर, दुभाषे आणि व्यापारी यांची वस्ती वाढली. किल्ल्यातील गोऱ्यांनी तिला ‘ब्लॅक टाउन’ म्हटले. १७४६ साली फ्रेंचांनी शहर जिंकले, तेव्हा किल्ल्यालगतची घरे त्यांनी पाडली. १७४९ मध्ये शहर परत मिळाल्यावर इंग्रजांनी तेच काम पुढे चालविले. कारण घरांच्या आडोशाने शत्रू तटापर्यंत येऊ शकतो, हा धडा त्यांना मिळाला होता. चेन्नकेशव पेरुमाळाचे देऊळही त्यात गेले. पुढे ते गावाच्या नव्या भागात पुन्हा बांधले गेले. मोकळ्या झालेल्या त्या जागेवर आज १८९२ साली पुरी झालेली उच्च न्यायालयाची लाल इमारत उभी आहे. हे आपले दुसरे स्थळ. तिचे घुमट पाहून डोळे निवतात. पण आपण एका नाहीशा झालेल्या गावावर उभे आहोत, हेही तेथे आठवावे. उरलेल्या वस्तीला जॉर्ज टाउन हे नाव विसाव्या शतकाच्या आरंभी बादशहा पंचम जॉर्ज याच्यावरून मिळाले.

न्यायालयासमोरचा रस्ता ओलांडला की तंबू चेट्टी रस्ता लागतो. तेथे कालिकांबाळचे देऊळ आहे, आणि मराठी माणसाचे पाऊल तेथे थबकते. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, ३ ऑक्टोबर १६७७ रोजी, श्रीशिवछत्रपतींनी या देवीचे दर्शन घेतले, अशी येथील परंपरा आहे.

याला आधार काय, असे कोणी विचारील. भेटीला आधार आहे तो परंपरेचा. मात्र त्याच वर्षीच्या मे महिन्यातील एक नोंद किल्ल्यातील इंग्रजांच्या दप्तरात आहे. महाराजांनी एका ब्राह्मण वकिलाकरवी पत्र पाठवून विषावर उतारा देणारे खडे व औषधे मागविली होती. किंमत देण्याचीही तयारी दर्शविली होती. एवढ्याशा वस्तूंचे पैसे घेणे बरे नव्हे, असे कौन्सिलाने ठरविले. खड्यांबरोबर आपल्या बागेतील फळे पाठविली, आणि वकिलास तीन वार बनात व थोडे चंदन दिले. हिशेबाला पक्क्या असलेल्या कंपनीने पैसे नाकारावे, यावरून महाराजांचा वचक आपल्या ध्यानी येईल.

तेव्हा मराठी सत्तेची सावली या किनाऱ्यावर पडली होती, हे कागद सांगतात. महाराज देवीपुढे नतमस्तक झाले, हे देऊळ सांगते. पहिल्याला इतिहास म्हणावे, दुसऱ्याला श्रद्धेची स्मृती म्हणावे. दोहोंची सरमिसळ करू नये, तशी एकासाठी दुसऱ्याची हेटाळणीही करू नये. ही स्मृती जपली ती कोणी? तमिळ भाविकांनी. थोर तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती जवळच ‘स्वदेशमित्रन्’ पत्रात काम करीत असता या देवळात येत, असे सांगतात. त्यांनी शिवरायांवर तमिळमध्ये काव्य रचले आहे.

आपल्या राजाची आठवण परक्या म्हणविणाऱ्या मुलखात इतक्या मायेने सांभाळलेली पाहिली, म्हणजे तो मुलूख परका वाटेनासा होतो. चेन्नईस गेलात, तर एक सकाळ जॉर्ज टाउनसाठी अवश्य राखून ठेवा.