वणव्यानंतरचं जंगल मोजताना

फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत आपल्या पानगळी जंगलांत वणव्यांचा हंगाम असतो. मोहाची फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही. आग लागल्याचं उपग्रहाला कळतं. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून वनखात्याला तसे इशारे जातात. पण कुठली रोपं मेली, कुठली मुळातून पुन्हा फुटली, हे पाहायला माणूसच लागतो.

मुदुमलाईच्या जंगलात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरचा कायमस्वरूपी अभ्यासपट्टा आखायला घेतला. एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोडाला तिथे क्रमांक आहे, आणि आग कुठवर गेली याचीही नोंद होते. अशा चिकाटीच्या मोजणीतूनच समजतं, की मोठी झाडं बहुधा तगतात, मार बसतो तो कोवळ्या खोडांना.

बुंध्यावरच्या काजळीची उंची, सालीची जाडी, पाचोळ्याचं वजन अशा नोंदी बहुतेक वेळा नवे पदवीधरच करतात, प्रकल्प साहाय्यक किंवा कनिष्ठ संशोधक म्हणून. काम उन्हातलं आहे, मानधन बेताचं. पण यासारखं शिक्षण वर्गात मिळत नाही. सोबतचे वनमजूर आणि गावकरी हेही तिथले गुरूच.

वनस्पतिशास्त्र, भूगोल, वनशास्त्र शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आणि तोवर आपल्या तालुक्यातली झाडं सालीवरून ओळखायला शिका.