नकाराचा कागद
(बारामतीतील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



माझी सगळी नोकरी कर्ज विभागात गेली. लोकांचे अर्ज वाचायचे, सही करायची, नाहीतर कोपऱ्यात 'नामंजूर' लिहायचं. निवृत्त झालो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, कॅशबॅकचं कार्ड घ्या. वीजबिल, किराणा, सगळ्यावर शेकड्याला रुपया-दोन रुपये परत मिळतात." म्हटलं, घेऊ. मोबाईलवर पॅन घातला, आधार घातला, पेन्शनचा आकडा घातला. चहा निवायच्या आत उत्तर आलं : अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही. हे वाक्य मला पाठ होतं. आयुष्यभर मीच ते लोकांना ऐकवलं होतं. सौ. म्हणाल्या, "आता कळलं ना, काउंटरच्या अलीकडे कसं वाटतं ते?"

सावकारानं हात आखडता घेतला की काय होतं, हे आपल्या मुलखाला कुणी शिकवायला नको. १२ मे १८७५, सुप्याचा आठवड्याचा बाजार. सुपे आज आपल्या बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. त्या दिवशी बाजाराला जमलेले कुणबी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. पुढं हे लोण इंदापूर, शिरूर, तिकडं नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. पुस्तकांत त्याला दख्खनचे दंगे म्हणतात.

त्याआधीची चौदा वर्षं पाहा. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल त्याला पैसे देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच इंदापूरच्या सारापट्टीची तीस वर्षांची मुदत संपली आणि फेरपाहणीत सारा चढला. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३६च्या सुमारास मोजणीची नवी पद्धत पहिल्यांदा बसवली ती आपल्या इंदापुरातच. पुढं त्या पद्धतीत माती खणून, तिची खोली बघून तिला आण्यांत प्रत द्यायचे. ही सोळा आण्यांची, ही सहा आण्यांची. आज माणसाला ३०० ते ९०० गुण देतात, तसे त्या काळी जमिनीला. असो. तर सारा चढलेला, भाव पडलेले, आणि नेमका तेव्हाच सावकारांनी हात वर केले. सारा भरण्यापुरतेही पैसे मिळेनात. व्याजाचा राग जुनाच होता. भडका उडाला तो या नकारानं.

आता मला जे सांगायचंय ते या दंग्यातल्या एका गोष्टीबद्दल आहे. त्या लोकांनी सावकाराकडे मागितलं काय? कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. सुप्यात दुकानं लुटली गेली हे खरं, पण बहुतेक ठिकाणी रोखे हातात आले की माणसं ते जाळून घरी जायची. सावकाराच्या जिवावर उठल्याचे प्रसंग फार थोडे. कारण भांडण कागदाशी होतं. आपल्या नावानं काहीतरी लिहिलेलं आहे, ते आपल्याला वाचता येत नाही, कुणी दाखवत नाही, आणि त्याच्या जोरावर जमीन जाते.

सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्या कायद्याचं सार काय, तर कर्जदाराला कागद द्या. पैसे भरले की पावती. वर्षाला हिशोबाचा उतारा. मागितलं तर पासबुक. रोखा करायचा तो गावच्या निबंधकासमोर. आणि कोर्टाला रोख्याच्या मागं जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार. या कायद्याखालच्या कोर्टांवर देखरेख ठेवायला १८८७ साली विशेष न्यायाधीश म्हणून आले ते न्यायमूर्ती रानडे. ज्या वर्षी सुप्यात रोखे जळले, त्याच १८७५ साली रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. म्हणजे उन्हाळ्यातल्या संध्याकाळी कर्जावर बोलणं हे काही विषयांतर नाही.

माझ्या नकाराकडे परत येतो. मराठीत दोन शब्द आहेत, ऐपत आणि पत. माळेगावच्या किंवा भवानीनगरच्या कारखान्याला दरसाल दोनशे टन ऊस घालणाऱ्याची ऐपत कुणी नाकारत नाही. पण कार्ड देणाऱ्याच्या संगणकाला ऊस दिसत नाही. त्याला चार पतमाहिती कंपन्या जे दाखवतात तेवढंच दिसतं. सिबिल हे त्यातल्या एकीचं नाव. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि हाय मार्क या बाकीच्या तिघी. बँकेचं कर्ज तिथं दिसतं. गावच्या पतसंस्थेत वीस वर्षं चोख फेडलेलं कर्ज तिथं सहसा पोचत नाही, भिशी तर नाहीच नाही. त्यामुळं कधी कुणाचा रुपया बुडवला नाही असा माणूस तिथं कोरा दिसतो, आणि कोऱ्या पाटीला संगणक बिचकतो.

मी कोरा नव्हतो. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा २०१७ पासून नियम आहे, तो मागवला. पाच पानं. चौथ्या पानावर ट्रॅक्टर. माझ्याकडे ट्रॅक्टर नाही, सायकल आहे. मग आठवलं, मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला मी जामीन राहिलो होतो. सासुरवाडीचं जेवण झालं होतं, पान लावलं होतं, सही केली. हप्ते थकले होते, पण नंतर त्यानं सगळं फेडून दाखला आणला होता. अहवालात मात्र थकबाकी तशीच. कर्ज देणाऱ्या संस्थेनं पुढं कळवलंच नव्हतं.

मग मी कार्डाच्या बँकेला माझ्या जुन्या धंद्याला शोभेल असं पत्र लिहिलं. कार्डाचा अर्ज नाकारला तर त्याचं नेमकं कारण लेखी कळवायचं, असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. 'अंतर्गत धोरण' हे कारण नव्हे. पंधरा दिवसांनी उत्तर आलं : जामीनदार म्हणून थकीत खाते. ते पत्र आणि मेव्हण्याचा दाखला जोडून पतमाहिती कंपनीकडे तक्रार टाकली. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. माझं काम सव्विसाव्या दिवशी झालं. पाच दिवस कमी पडले, नाहीतर तोच माझा पहिला कॅशबॅक झाला असता. बँकेनं तक्रारीला दादच दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. त्याला वकील लागत नाही, फी लागत नाही.

भिगवणचा एक ओळखीचा मुलगा, मासळीच्या धंद्यातला. एकीकडून नकार आला म्हणून त्यानं रागानं आठवड्यात आणखी पाच ठिकाणी अर्ज टाकले. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते, आणि लागोपाठ सहा चौकश्या दिसल्या की सातव्याला वाटतं, हा पैशाला मोताद झालेला दिसतोय. नकार आला की आधी अहवाल वाचा, दुरुस्ती करा, काही महिने जाऊ द्या. घाईच असेल तर ठेवपावतीवर कार्ड मिळतं. त्यात बँकेला भीती नाही, आणि पाटीवर चार अक्षरं उमटतात.

शिवाय नकार दर वेळी तुमच्यामुळं असतो असंही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं कार्डाच्या उधारीवर बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं. असं झालं की बँका हात राखून देतात. दंग्यांच्या आधी अमेरिकेत तोफा थंडावल्या आणि इंदापूरच्या माणसाचं खातं बंद झालं. आता मुंबईहून परिपत्रक निघतं.

आता कॅशबॅकचं. समजा खताची आणि किराण्याची मिळून २०,००० रुपयांची खरेदी केली. शेकडा एकप्रमाणे २०० रुपये परत आले. बिल आलं, पण उसाचा हप्ता अजून जमा नाही, म्हणून 'किमान रक्कम' तेवढी भरली. पुष्कळ कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज असतं, आणि ते खरेदीच्या दिवसापासून लागतं. एका महिन्याचे ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. दोनशे आले, आठशे सव्वीस गेले. उसाचं घड्याळ वर्षाचं आहे आणि कार्डाचं महिन्याचं. पगारदाराला, पेन्शनीला, रोज गल्ल्यात रोख पडणाऱ्या दुकानदाराला कार्ड परवडतं. ज्याचा पैसा कारखान्याच्या हप्त्यावर अवलंबून आहे, त्यानं पीककर्ज सोसायटीतूनच घ्यावं. हे मी कार्ड खिशात ठेवून सांगतोय, त्यामुळं थोडं सोपं आहे, ते मला कबूल आहे.

हो, शेवटी कार्ड मिळालं. दुसऱ्या अर्जाला. गेल्या महिन्यात ६४ रुपये परत आले, आणि सौंनी ते माझ्याकडून रोख वसूल केले. नकाराचं पत्र मात्र मी टाकलेलं नाही. वडिलांच्या सोसायटीच्या पावत्यांची पत्र्याची पेटी आहे, तिच्यात ठेवलंय.

आता प्रश्न विचारा. फक्त कुठल्या बँकेचं घ्यावं हे विचारू नका, आणि मेव्हण्याचं नाव तर मुळीच नको. ते दुसऱ्या रांगेत बसलेत.