कोरफडीची निगा

कोरफड पाण्यावाचून मरत नाही, जास्त पाण्याने मरते. तिच्या जाड पानांतच पाण्याचा साठा असतो. जुना डबा, मडके, काहीही चालते. बुडाला भोक मात्र हवे. निम्मी माती, निम्मी वाळू घाला. माती पुरती सुकली की मगच पाणी द्या. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नका, मुळे कुजतात. बुडाशी पिले फुटतात. ती मुळांसकट काढून वेगळी लावा.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, बरं का! पान कापले की सालीलगत पिवळा चीक निघतो. तो पोटात गेला तर जुलाब होतात. गरोदर बाईने तर तो मुळीच घेऊ नये. एवढे आज घरी वाचून दाखवा.