कोरी ठेवू नका



खंडेनवमीला आपल्या कर्जत-खालापुरात कोयता, विळा, पॉवर टिलर, शिलाई मशीन, रिक्षा अशा सगळ्यांना झेंडू वाहिला जातो. अलीकडे त्याच पाटावर कॅमेरा, लॅपटॉप, क्वचित कुणाचा ड्रोनही मांडलेला दिसतो, आणि मला त्याचा फार आनंद होतो. हौसेची वस्तू अवजारांच्या पंगतीला बसली हे योग्यच झालं. अवजाराला आपण फूल वाहतो ते दुसऱ्या दिवसापासून त्याला पुन्हा कामाला जुंपायचं म्हणून. आता दिवाळीची खरेदी सुरू आहे. घरोघरी नवी खोकी येतायत. आजच्या या दहा मिनिटांत मला त्या खोक्यांबद्दलच बोलायचं आहे आणि खरं तर एकच गोष्ट सांगायची आहे : हौसेनं आणलेली वस्तू कोरी ठेवू नका.

खरेदी करू नका, असं मी मुळीच म्हणणार नाही. हौसेला मोल नाही म्हणतात ते मला पटतं. जन्मभर काटकसर केलेल्या माणसानं निवृत्तीनंतर स्वतःसाठी कॅमेरा घेतला, भातशेती सांभाळणाऱ्या मुलानं चांगली बॅट घेतली, एखाद्या आजीनं हार्मोनियम घेतली, तर "कशाला हवं होतं हे आता?" असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की हवं होतं म्हणून घेतलं, आणि तेवढं कारण पुरे आहे. खोक्याची पट्टी कापताना होणारी घाई, नव्या रबराचा वास, एखादं चाक बोटाखाली गुळगुळीत फिरतं तेव्हा वाटणारं समाधान, हे सगळं खरं सुख आहे. त्याला नावं ठेवू नयेत. माझी तक्रार आहे ती पुढच्या महिन्याबद्दल. वस्तू परत खोक्यात जाते, खोकं फडताळात जातं, आणि "पाहुणे आले की काढू", "मुलं मोठी झाली की देऊ", "पाऊस संपला की बघू" असं म्हणता म्हणता वर्ष सरतं.

तुमच्या घरात बिडाचा तवा असेल. नवा तवा आणला की तो आधी तापवावा लागतो, अर्धा चिरलेला कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवावा लागतो. एवढं केलं तरी पहिलं घावन मोडतं. दुसरं कडेनं फाटतं. म्हणून कुणी तवा माळ्यावर टाकत नाही. आठवडाभर रोज चुलीवर चढला की तवा काळाभोर होतो, मऊ होतो, आणि मग त्यावरून घावन आपणहून सुटतं. तोच तवा धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून आषाढ-श्रावणभर ठेवून बघा. गणपतीला काढाल तेव्हा तांबेरलेला निघेल. तवा राखायचा एकच मार्ग, तो म्हणजे त्यावर रोज काहीतरी भाजणं. हौसेच्या वस्तूंचं अगदी असंच आहे, आणि त्यातही दुर्बिणीचं सर्वांत जास्त. आता मी त्या माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडेच वळते.

आपल्या भागात अलीकडे खूप घरांत द्विनेत्री आलेली आहे. कुणाला आकाश बघायचं असतं, कुणाला पक्षी. मुंबईची खगोल मंडळाची मंडळी आपल्या शेजारच्या वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम गेली कित्येक वर्षं करतायत. तिथे जाऊन आलेला मुलगा घरी येऊन दुर्बीण मागतो. वडील साध्या मोबाइलच्या किमतीत 10 बाय 50 ची द्विनेत्री आणून देतात. उत्तम निवड आहे. पन्नास मिलिमीटरचं भिंग अंधारात पूर्ण उघडलेल्या आपल्या बाहुलीपेक्षा सुमारे पन्नासपट जास्त प्रकाश गोळा करतं. मग महिन्याभरानं मी विचारते, काय काय पाहिलं? उत्तर येतं, "बाई, धूसरच दिसतं हो. ठेवून दिलीय."

धूसर का दिसतं, ते सांगते. तुमची द्विनेत्री जवळ असेल तर आत्ता हातात घ्या. आधी मधल्या बिजागरीवर ती उघड-मीट करा, दोन गोलांचा एक गोल दिसेपर्यंत. आता उजवा डोळा मिटा आणि फक्त डाव्या डोळ्यानं दूरचं काहीतरी बघा, समोरच्या टेकडीवरचं एखादं झाड चालेल. मधलं मोठं चाक फिरवून झाड स्पष्ट करा. मग डावा डोळा मिटा. उजव्या बाजूला डोळ्याजवळ एक बारीक कडं असतं, त्यावर अधिक-उण्याच्या खुणा असतात. मधल्या चाकाला हात न लावता तेवढं कडं फिरवून तेच झाड स्पष्ट करा. झालं. आपले दोन डोळे सारख्या नंबरचे नसतात, म्हणून ते कडं दिलेलं असतं. मी पाहिलेल्या कितीतरी द्विनेत्रींवर ते कडं कारखान्यातून आलं त्याच जागेवर होतं. कुणी फिरवलंच नव्हतं. चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या रबरी वाट्या मागे दुमडायच्या, तेही कुणी केलं नव्हतं. मोडलेल्या पहिल्या घावनावरून तवा टाकून दिला, दुसरं काही नाही.

म्हणून म्हणते, वस्तू आली त्याच दिवशी काढा. ऑनलाइन मागवली असेल तर त्याला आणखी एक कारण आहे. रात्री एखाद्या ठळक ताऱ्याकडे बघा. एका ताऱ्याचे दोन तारे दिसले आणि कितीही केलं तरी एक होईनात, तर आतले लोलक हललेले आहेत. ती परत करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. खोकं न उघडता मुदत घालवलीत तर दाद कुणाकडे मागणार?

आणि हो, मोठी दुर्बीण घेणाऱ्यांना एक इशारा. खोक्यावर सहाशे-पावणेसातशे पट असले आकडे छापलेले असतात, त्यांना भुलू नका. भिंग 60 मिलिमीटरचं असेल तर फार तर 120 पटीपर्यंत चित्र धड दिसतं, त्यापुढे नुसता गढूळपणा. तिवई हलकी असेल तर तेवढंही नाही. पहिली खरेदी द्विनेत्रीचीच करा.

आता पावसाळ्याबद्दल. घाटाखालच्या आपल्या भागात चार महिने काय ओल असते ते तुम्हाला सांगायला नको. कपाटातल्या चपलांना बुरा चढतो, तोच भिंगाला चढतो. भिंगावरच्या निळसर-जांभळ्या लेपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या की समजा बुरशी धरली. वरवर असेल तर जाणकाराकडून साफ होते. लेपात मुरली की लेपच खराब करते. पुसून जात नाही. आणि ती कुठल्या दुर्बिणीला धरते? जिला चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या पिशवीत घालून, साखळी लावून, अंधाऱ्या कपाटात जपून ठेवलेली असते तिला. जपणुकीनंच तिचा घात होतो. जी रोज बाहेर येते, वाऱ्यावर असते, तिला सहसा काही होत नाही. जुन्या लोकांना व्हॉल्व्हचे रेडिओ आठवत असतील. त्यांवर भरतकामाचं कव्हर असे, पण सकाळ-संध्याकाळ रेडिओ लागायचा, व्हॉल्व्ह तापायचे, पेटी आतून कोरडी राहायची. ज्येष्ठ-आषाढात वापर कमीच होणार असेल तर घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलची पुडी टाका. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की जुन्या पत्र्यावर मंद आचेवर गरम करा, परत निळे होतात. स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र गरम करू नका, त्या निळ्या रंगात विषारी द्रव्य असतं. आणि आठवड्यातून एकदा उघडीप मिळाली की काढा आणि वापरा. अमुक डबा, तमुक पुडी हे सगळं त्याच्या नंतरचं.

दिवसा काय बघायचं, असं कुणी म्हणू नये. पळसदरीच्या पुढे घाट चढणारी गाडी बघा. कर्जतला मागून जोडलेली इंजिनं गाडीला कशी रेटतात ते द्विनेत्रीतून मुलांना दाखवा. 37 फुटांना एक फूट अशी तिथली चढण आहे, आणि हा घाट 1863 पासून गाड्या चढवतोय. खोपोलीकरांना नागफणीचा कडा आहे, टाटांच्या 1915 सालच्या वीजकेंद्राकडे डोंगरावरून उतरणारे नळ आहेत. माथेरानच्या झाडीत शीळकरी कस्तूर आहे, त्याच्या खांद्यावरची निळी झळाळी नुसत्या डोळ्यांना कळत नाही. आपल्याच जिल्ह्यात, किहीमला, सलीम अलींनी 1930 साली सुगरणीच्या घरट्यांवर नजर ठेवली, आणि एक नर अनेक माद्यांशी संसार करतो ते उलगडलं. त्यासाठी ते रोज घरट्यांसमोर बसत होते.

आणि नवी वस्तू दुसऱ्याच्या हातात द्या. हा मुद्दा निसटायला नको म्हणून जरा जोर देऊन सांगते. वडील द्विनेत्री स्वतःच्या गळ्यात ठेवतात आणि मुलाला म्हणतात, "लांबून बघ." लांबून कसं बघायचं? गॅलिलिओनं 1609 च्या ऑगस्टमध्ये आपली नवी नळी घेऊन व्हेनिसच्या कारभाऱ्यांना घंटाघराच्या मनोऱ्यावर नेलं आणि एकेकाला तीतून दूरची जहाजं दाखवली. पुढच्या जानेवारीत, 1610 साली, तो गुरूचे चंद्र पाहत होता. तेच चंद्र तुमच्या 10 बाय 50 मधून दिसतात, हात भिंतीला टेकवून स्थिर धरली तर. मुलाच्या हातून पडेल ही भीती असेल तर पट्टा आधी त्याच्या गळ्यात घाला, मग द्विनेत्री हातात द्या. शेजारणीला तवा देतो ना आपण? तो झिजून परत येत नाही, थोडा अधिक मुरूनच येतो.

माझ्या मनात तर असं आहे, की गावच्या वाचनालयानं एक चांगली द्विनेत्री घ्यावी आणि सभासदांना आठवड्यासाठी द्यावी. ज्यांना परवडत नाही अशी मुलं, ठाकूरवाड्यांतली, कातकरी वाड्यांतली मुलं, ज्यांच्या डोक्यावर आपल्यापेक्षा काळं, स्वच्छ आकाश असतं… यावर बरंच बोलायचं होतं, पण इथल्या घड्याळाकडे बघता ते आज राहतंय. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेबद्दलही सांगायचं होतं, 1944 पासूनची हौशी मंडळींची संस्था आहे ती. असो.

या दिवाळीत काय करायचं तेवढं पटकन सांगते. लक्ष्मीपूजनाला अमावस्या असली तरी फटाक्यांच्या धुरात आकाश मिळणार नाही, त्या दिवशी सोडा. भाऊबीजेला सूर्य पूर्ण मावळल्यावर पश्चिमेला चंद्राची कोर असते. द्विनेत्री तिच्यावर धरा, कोरीच्या आतला काळोखा भागही मंद उजळलेला दिसेल. तो पृथ्वीवरून परतलेला उजेड. पुढे अष्टमीपर्यंत रोज बघा. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरं उठून दिसतात आणि ती सीमा रोज सरकते. कार्तिकी पौर्णिमा झाली, चंद्र उशिरा उगवायला लागला, की कृत्तिका धरा. आपल्या पूर्वेला ढाक-राजमाचीची भिंत असल्यामुळे त्या थोड्या उशिरा वर येतात. डोळ्यांना सहा-सात दिसतात, द्विनेत्रीत डझनांनी. त्याच सुमाराला डोक्यावर, किंचित उत्तरेला, देवयानीतली दीर्घिका धुक्याच्या ठिपक्यासारखी सापडेल. तिचा प्रकाश निघाला त्याला पंचवीस लाख वर्षं झाली. खोपोली आणि एक्सप्रेसवेच्या दिव्यांपासून दूर, कशेळ्याच्या पलीकडे कोठलीगडाच्या बाजूला गेलात तर उत्तम.

वेळ संपल्याची खूण झाली आहे. दोनच गोष्टी. एक, द्विनेत्रीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरही बघायचं नाही, आणि दिवसा ती मुलांच्या हातात असेल तर मोठ्यांनी जवळ उभं राहायचं. डोळा कायमचा जातो. दुसरी नेरळकरांसाठी : भाऊबीजेच्या कोरीला तुमच्याकडून माथेरानचा डोंगर आडवा येतो, तेव्हा त्या संध्याकाळी थोडं पूर्वेला, मोकळ्या शेताकडे सरका आणि साडेसहाच्या आत पोहोचा. खोकं घरीच उघडून, ते उजवीकडचं कडं आधी लावून निघा.